राधिकाचे एकतीस गुण

लाईट गेली आणि शेजारच्या कॉम्प्युटरवरून आवाज आला, "मेलो!"

राधिकाला हसू आवरेना. विरारच्या त्या क्लासात लाईट जाणं ही काही नवलाई नव्हती. पण काम अधूनमधून सेव्ह करावं, एवढंही या उंच, चष्मेवाल्या स्वारीला ठाऊक नव्हतं!

"काय गेलं हो?"

"दोन महिन्यांचा खर्च…"

"बचतीचा एवढा सोस, आणि फाईल सेव्ह करायचा आळस?"

अंधारात तोही हसला. तो निमिष. मनवेलपाड्याच्या चाळीत एकटाच राहायचा, जवळचं म्हणावं असं कुणी नव्हतं. एक्सेलमध्ये तो आपल्या प्रत्येक खर्चाला गुण द्यायचा. खर्चाची गरज किती, याला साठ टक्के वजन. वस्तू टिकणार किती, याला चाळीस. दोन्हींची गुणाकार-बेरीज करून सूत्र शंभरपैकी मार्क काढायचं. छत्री पहिल्या वर्गात, वडापाव नापास!

राधिकाला ते वेड आवडलं… आणि खरं सांगायचं तर, तो वेडाही. क्लास सुटला की दोघं तिच्या गावच्या, वटारच्या एसटीपर्यंत रमतगमत जायची. ती बडबडायची, तो मन लावून ऐकायचा. मधेच नजरानजर झाली की चष्मा पुसत बसायचा. तिच्या मनाने केव्हाच कौल दिला होता; आता फक्त त्याने विचारायचा अवकाश.

आणि एका रविवारी त्याने विचारलंच —

"तुमचा महिन्याचा खर्च सांगाल?"

तिने हसत हसत सगळा सांगितला. त्याने भराभर आकडे भरले आणि मोठ्या अभिमानाने स्क्रीन तिच्याकडे वळवला. एकतीस.

"म्हणजे नापास?"

"पस्तीसला पास. चारच गुणांनी हुकलात!"

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. निमिषने वर समजूत घातली, "सुधारणेला वाव आहे."

राधिकाचे डोळे भरून आले. ज्याच्या गळ्यात माळ घालायची स्वप्नं पाहिली, त्याच्या लेखी आपण उधळ्या! तिने पर्स उचलली आणि तडक एसटी गाठली. पुढच्या रविवारी ती क्लासला फिरकलीच नाही.

सोमवारी संध्याकाळी ती वाडीत चाफा खुडत होती, तर पत्ता विचारत विचारत निमिष दारात हजर. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली.

"तुमचा खर्च परत वाचला मी," तो धापा टाकत म्हणाला. "मैत्रीण हेलनच्या लग्नाची भेट. काकूंचं एसटीचं तिकीट. क्लासच्या श्रीपतमामांना भजी. स्वतःसाठी काय, तर एक कानातलं!"

"मग? त्याचेही गुण कापायचे राहिले वाटतं?"

"नाही हो… दुसऱ्यासाठी केलेल्या खर्चाला माझ्या सूत्रात वजनच नव्हतं. कारण माझ्या खर्चात दुसरं कुणी… नव्हतंच."

राधिकाचा राग कुठल्या कुठे पळाला. तरी तिने मान वर केली नाही.

"बरं. मग आता मला किती पडले?"

"मोजलेच नाहीत." त्याने चष्मा काढून पुसला. "राधिका, मला दोघांचा खर्च करायचाय — जन्मभर. तुला… चालेल?"

तू! तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खुडलेली फुलं ओंजळीतून कधी सांडली, तिला कळलंही नाही.

"घरात चल आधी. बाबा आलेत," ती म्हणाली. "आणि त्यांच्यासमोर टक्केवारी काढलीस तर बघ!"

"म्हणजे… हो?"

"हो रे बाबा, हो!"