प्रतीक्षा यादीत पहिला

खोली बारा की एकवीस, हे मी पोस्टरवर तीनदा वाचलं होतं. तरीही चुकीच्याच दारातून आत शिरले.

आत एकच माणूस होता. खिडकीजवळ उभा, हातात कागद, नाकावर घसरलेला चष्मा आणि चेहरा इतका गंभीर, की मला वाटलं हेच परीक्षक. मला आधीच उशीर झालेला. 'तीन मिनिटांत तुमचं संशोधन' अशी ती स्पर्धा, विद्यापीठाने पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली. पहिल्या तिघांना परिषदेला जायचा खर्च मिळणार होता. मी ना दम घेतला, ना नाव सांगितलं, थेट सुरूच झाले.

"गोगलगाय कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड बंद करून झोपून जाते. कधी महिनोन्‌महिने! माझा प्रश्न एवढाच आहे, की आता उठायचं, हे तिला कळतं कसं?"

त्याने कागद खाली ठेवला आणि पूर्ण तीन मिनिटं ऐकलं. मान हलवत, मध्येच भुवया उंचावत. असं कुणी माझ्या गोगलगायी ऐकल्या नव्हत्या. आईनेसुद्धा नाही.

"छान," तो शेवटी म्हणाला. "फक्त... शेवटचं वाक्य सुरुवातीला घ्या. आणि, तिला स्वप्नं पडतात का?"

"त्यावर अजून निधी मिळालेला नाही, सर."

तो इतका मोकळा हसला, की चष्मा आणखी खाली आला. "मी सर नाही हो. मीपण स्पर्धकच. स्पर्धा एकवीसमध्ये आहे, ही बारा. मी इथे सराव करत होतो."

"मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"पुढे काय होतं ते ऐकायचं होतं ना!"

आम्ही दोघं जिन्यावरून धावत सुटलो. त्या दिवशी त्याचा नंबर तिसरा आला आणि माझा चौथा. मला राग यायला हवा होता. आलाही. पण घरी जाऊन आरशात पाहिलं, तर मी हसत होते.

तो जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपांवर काम करायचा. कुठे गळतंय ते आवाजावरून शोधायचं, असा त्याचा विषय.

"म्हणजे भिंतीला कान लावायचा?" मी विचारलं.

"जमिनीला. भिंतीला लावला तर लोक मारतात."

मी ज्या मावशीकडे राहायचे, तिने त्याचं नाव ऐकायच्या आधीच 'गळतीवाला' ठेवून टाकलं. आणि तो मला 'गोगलगाय' म्हणायला लागला. "दिसायला गरीब," तो म्हणायचा, "पण पोटात पाय आहेत, हं!"

दर बुधवारी विद्यापीठात अर्ज कसे लिहावेत याची कार्यशाळा असायची. चहा फुकट, सल्ले त्याहून फुकट. तिथे आम्ही शेजारी बसायला लागलो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. सूचना फलकावर नवी शिष्यवृत्ती लागली, की तो फोटो काढून पाठवायचा. खाली लिहायचा, 'शंखातून बाहेर ये.'

एका भुरभुर पावसाच्या दुपारी तो मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेला. गवत ओलं होतं. मी गोगलगायी शोधत होते, तो लोखंडी सळई जमिनीत रोवून कानाला लावत होता.

"ऐक," म्हणत त्याने सळई माझ्याकडे दिली. माझ्या केसांची बट मध्ये येत होती, ती त्याने हलकेच बाजूला केली. खाली खोल कुठेतरी पाणी वाहत होतं... अगदी कुणी कानाशी कुजबुजावं तसं.

"आलं ऐकू?"

"हो," मी म्हणाले. खरं तर मला माझी छातीच धडधडताना ऐकू येत होती. त्याची बोटं अजून माझ्या कानापाशी होती. मग त्याने ती घाईने मागे घेतली आणि पाइपाच्या व्यासाबद्दल काहीतरी सांगत सुटला. मीही गोगलगायीच्या वजनाबद्दल काहीतरी बोलले. दोघंही साफ मूर्ख.

मग ती मोठी फेलोशिप आली. परदेशातल्या प्रयोगशाळेत अकरा महिने, सगळा खर्च त्यांचा. आणि विद्यापीठाकडून एकच नाव जाणार.

बुधवारी मी त्याच्यापुढे माझा मसुदा ठेवला, त्याच क्षणी त्याने माझ्यापुढे त्याचा. दोन्हींवर नाव त्याच फेलोशिपचं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मग... वाचायचं की नाही?" तो म्हणाला.

"वाचूया की," मी म्हणाले. दुसरं काय सुचणार?

त्याने माझ्या अर्जातले अकरा 'कदाचित' खोडले. समासात लिहिलं, 'स्वतःच्याच कामावर एवढा संशय का?' मी त्याच्या अर्जातली दोन कोरडी पानं काढून टाकली आणि ज्या वस्तीत नळाला दिवसातून एकदाच पाणी येतं, तिथली गोष्ट सुरुवातीला घ्यायला लावली. रात्री अंथरुणावर पडले तर वाटलं, मी त्याला जिंकवतेय की काय! आणि मग वाटलं, जिंकला तर बरंच होईल. आणि मग वाटलं, मला वेड लागलंय.

निकाल फलकावर लागला. वर माझं नाव. त्याखाली, 'प्रतीक्षा यादी – १', त्याचं.

"अभिनंदन, गोगलगाय!" तो म्हणाला. हसू खरं होतं, पण डोळे जरा उशिरा हसले.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते माझं मलाच माहीत. तो भेटला, की मी व्हिसाबद्दल बोलायचे नाही. तो विचारायचा, "तिकीट काढलंस?" आणि मी हवापाण्यावर घसरायचे. पुढे पुढे तर तो दिसला, की मी दुसऱ्या जिन्याने जायला लागले. जावंसंही वाटे, राहावंसंही वाटे. हे त्याच्यासाठी, की भीतीने, ते काही कळेना.

"अगं, शिष्यवृत्तीच मिळाली ना तुला?" मावशी म्हणाली. "की घरात कुणी गेलंय? जेवताना तोंड बघ आपलं!"

शेवटी एका सकाळी मी उठले आणि सरळ विद्यापीठातल्या शिष्यवृत्ती विभागात गेले. नाव मागे घ्यायचा फॉर्म मागितला. म्हटलं, मी सुटले की तो जाईल, आणि हा गुंता एकदाचा संपेल.

विभागातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण लिहावं लागेल."

"वैयक्तिक."

"वैयक्तिक म्हणजे लग्न की आजारपण? समितीला दोनच कारणं कळतात."

मी पेन उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, प्रतीक्षा यादीतून नाव काढायचा फॉर्म असतो का?"

तोच. मी वळले. त्याने माझ्या हातातला कागद पाहिला, मी त्याचा चेहरा.

"हे काय करतेस?"

"तू काय करतोयस?"

"आधी मी विचारलं."

"मी... तुला जाता यावं म्हणून—"

"वेडी आहेस का?" तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "अकरा 'कदाचित' मी एवढ्यासाठी खोडले?"

"मग तू कशाला नाव काढतोयस? माझ्यावर उपकार?"

"नाही गं." तो टेबलाकडे बघत हळूच म्हणाला, "रोज सकाळी उठलो की पहिला विचार येतो, हिला जरासा ताप यावा. मोठा नाही, साधाच. विमान चुकेल एवढा. आणि दुसरा विचार येतो, की तिकडे थंडी फार असते, हिने गरम कपडे घेतले असतील ना... हे दोन्ही एका माणसाच्या डोक्यात नाही राहू शकत. मला त्यातला दुसराच ठेवायचाय."

बाईंचा शिक्का हवेतच थांबला.

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे... प्रेम आहे म्हणून. झालं आता बोलून." तो कानापर्यंत लाल झाला. "पण उत्तर आत्ता नको. इथे तू माझ्यावर दया करशील. तिकडे जा. गोंधळ निवळला की सांग. मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतोच आहे, आणि तेव्हा मला तूच समोर हवीस, पेन घेऊन."

"दोघांनी नावं काढलीत तर जागाच रद्द होईल," बाई म्हणाल्या. "मला सांगा, कोणाचा फॉर्म फाडू?"

मी माझा स्वतःच फाडला. त्याने त्याचा भरला. बाईंनी शिक्का मारला आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'वैयक्तिक. समाधानकारक.'

मी गेले. पहिले तीन दिवस नुसती धावपळ. नवी खोली, नव्या चाव्या, नव्या माणसांची अवघड नावं. चौथ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसले आणि त्याला फोन लावला. त्याच्याकडे संध्याकाळ होती.

"आज इथल्या एका गोगलगायीने माझ्यासमोर झोपेतून उठून शिंगं बाहेर काढली," मी म्हणाले. "सगळे टाळ्या वाजवत होते. आणि मला एवढंच वाटत होतं, की हे आधी तुला सांगायला हवं. काल बस चुकली तेव्हाही तेच वाटलं. परवा चावी हरवली तेव्हाही."



"म्हणजे... हे उत्तर आहे का?" त्याने विचारलं. "नीट सांग. माझा गोंधळ होतोय."

"माझा संपलाय. प्रेम आहे माझं तुझ्यावर. कदाचित वगैरे काही नाही."

धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"काय झालं? काय पडलं?"

"मीच," तो धापा टाकत, हसत म्हणाला. "मागे खुर्ची आहे असं वाटलं मला."