बिनवाजंत्रीचं लग्न

"अक्का, दगडोबा मास्तरला फोन कर अन् सांग, बँड नको. डीजेच ठरला," दयानंदनं उंबऱ्यातूनच सांगितलं, आणि पाहुण्यांच्या चहाचं आधण ठेवणाऱ्या उज्वलाचा हात पातेल्यावर तसाच थांबला...

आठ दिवसांतला हा तिसरा फोन. धाकट्या बहिणीच्या, आरतीच्या लग्नासाठी ती उदगीरहून भोकरला माहेरी आली, त्या दिवसापासून घरात वाजंत्रीशिवाय दुसरा विषय नव्हता. भावाला डीजे हवा, आरतीला ऑर्केस्ट्रा, लातूरचे व्याही रोज सकाळी नवीनच काहीतरी कळवणार. आणि ठरलेलं मोडलं, की ज्याची त्याची माफी मागायची ती मात्र उज्वलानं. तिचा जीव अगदी विटून गेला होता.

"काल तूच म्हणलास, बँड पक्का. मास्तरनं आपल्यासाठी दुसरं लग्न सोडलं. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"तुला काय कळतंय त्यातलं? तुझ्या लग्नात पिपाणीबी वाजली न्हाई. भाऊजींच्या घरचे पहिल्यापासूनच कंजूष..."

केवळाबाई काही बोलायला गेल्या, पण उज्वलानं आईला नजरेनंच गप्प केलं. सोळा वर्षं हे वाक्य तिनं या ना त्या तोंडून ऐकलं होतं. आज ते सख्ख्या भावाच्या तोंडून आलं आणि काळजात खोल रुतलं. तिनं मुकाट्यानं फोन लावला.

अर्ध्या तासात दगडोबा मास्तर स्वतःच स्कूटरवरून आले. पांढऱ्या मिशांचा, ताठ कण्याचा माणूस. पाणीसुद्धा न घेता ते दयानंदसमोर उभे राहिले.

"दयानंदराव, नकाराची सवय हाय मला. ह्याच दारातून सोळा वर्षांखाली माघारी गेलोय. पण तवा ही उज्वला, अंगाला हळद लागलेली नवरी, स्वतः बाहेर आली. हात जोडून म्हणली, मास्तर, माझा भाऊ मेंदूज्वरानं पडलाय, जरा आवाज झाला की त्याला झटके येऊन राहिलेत... माझं लग्न मुकं होऊ द्या. तिनं समोर येऊन सांगितलं. अन् तुम्ही तिच्याच हातून फोन करवता?"

दयानंद आईकडे वळला. बारा वर्षांचा असताना आपण आजारी होतो, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"आई, खरं हाय हे?"

केवळाबाईंनी पदर तोंडाला लावला. "हिनंच शपथ घातली मला. पोरगं मोठं झाल्यावर मनाला लावून घेईल म्हणली. बँडचे पैसे वाचवले म्हणून लोकांनी जावयाला नावं ठेवली, व्यंकटरावांनी तीबी हसून सोसली..."

दयानंद खाली वाकला, अक्काच्या पायांवर कपाळ टेकवून हुंदके देऊ लागला. उज्वलाचेही डोळे भरून आले होते, पण त्याहून जास्त तिला आला होता तो वैताग.

"ऊठ. रडायचं ते मागनं रड. मास्तर ताटकळलेत, बँड हाय का न्हाई ते आधी सांग. मी आता कुणालाच फोन करणार न्हाई."

"बँडच हाय, अक्का."

लातूरला फोन त्यानंच केला. तीनदा अडखळला, दोनदा बोलणी खाल्ली, पण शब्द फिरवला नाही. आणि ऑर्केस्ट्रासाठी हटून बसलेली आरती अक्काच्या कुशीत शिरली.

लग्नादिवशी नवरदेवाचा परण्या, म्हणजे मांडवाकडे जाणारी वरात, मारुतीच्या देवळापासून निघायचा होता. मास्तरांनी विचारलं, "पहिलं काय वाजवू?"

"अक्काला विचारा," दयानंद म्हणाला.

उज्वला गोंधळली. इतक्या दिवसांत साऱ्यांच्या आवडी तिनं सांभाळल्या होत्या. तिची आवड मात्र कुणी विचारली नव्हती, आणि आता एकही गाणं आठवेना. घोड्यावरचा नवरदेव चुळबुळत होता, भटजी घाई करत होते.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "माझ्या लग्नात काय वाजवणार होता तुम्ही?"

"ध्यानात हाय माझ्या," ते म्हणाले.

"मग तेच वाजवा."

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. आणि गर्दीच्या मागे, चपला सांभाळत उभ्या असलेल्या व्यंकटरावांकडे दयानंद गेला, त्यांच्यासमोर वाकला, आणि त्यांचा हात धरून त्यांना पार पुढे, अक्काच्या शेजारी घेऊन आला...