सातव्या कैद्याची मजुरी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. हे माझ्या सख्ख्या आत्याबरोबर घडलंय, आणि आत्या थापा मारणाऱ्यांतली नाही.

मार्चचा शेवटचा मंगळवार. दुपारचे दोन. हो, दुपारचे! भुतं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं?

आत्या तुरुंगाच्या कचेरीत कारकून. शुक्रवारी जुनी रजिस्टरं जाळायची होती, त्यांची यादी करत एकटीच बसली होती.

तेवढ्यात...

खट्... खट्...

मागच्या शेडमधून आवाज. तिथे पूर्वी कैदी हातमागावर कापड विणायचे. शेडला कुलूप लागून वीस वर्षं झाली होती.

आत्या किल्ली घेऊन तरातरा गेली. घाबरून बसणं तिला ठाऊकच नाही.

आत एकच मोडका माग. सूत नाही. सूत इकडून तिकडे नेणारा धोटाही नाही.

तरी मागाची पट्टी पुढेमागे हलत होती... खट्... खट्...

मागावर कैद्याचा नंबर रंगवलेला. ४१७.

 परत येऊन तिने जुन्या रजिस्टरांत ४१७ शोधलाच.

पानावर तिच्या बाबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं अक्षर. तेही तिथेच कारकून होते, आता निवृत्त होऊन घरीच असतात. त्या दिवशी सात कैदी आले होते. पहिल्यापुढे 'सक्तमजुरी', आणि खाली सहा वेळा 'वरीलप्रमाणे'.

सातवा ४१७. त्याचं वॉरंट पानाला टाचलेलं होतं. कोर्टाने लिहिलं होतं, 'साधी कैद, दोन वर्षं'.

साधी कैद म्हणजे नुसतं कोंडून ठेवायचं, कामाला जुंपायचं नाही. सक्तमजुरी म्हणजे राबवून घ्यायचं.

शेवटच्या रकान्यात नोंद होती, 'मागावर काम करताना मयत'.

"बाबा, काय करून ठेवलंत हो हे!" आत्या मटकन खुर्चीत बसली.

मग उठून रजिस्टर साहेबांच्या खोलीत नेलं. साहेब डबा खात होते. "गाडलेली मढी कशाला उकरता बाई? तुमच्याच वडिलांचं नाव खराब होईल. शुक्रवारी जळून जाऊ दे."

"होऊ दे खराब. माणूस अजून राबतोय तिकडे."

"कोण राबतोय?"

"ऐका."

खट्... खट्...

साहेबांचा घास हातातच राहिला.

आत्याने लाल पेनाने 'वरीलप्रमाणे' खोडलं. 'साधी कैद' लिहिलं. खाली ठसठशीत सही ठोकली. मग रजिस्टर घेऊन शेडमध्ये गेली आणि वॉरंट मोठ्याने वाचून दाखवलं.

"काका, कोर्टाने तुम्हाला काम सांगितलंच नव्हतं. चूक आमची. उठा आता."

पट्टी थांबली.

मागापुढचं बाकडं करकरलं... कुणीतरी उठल्यासारखं.

आत्याला रडू फुटलं. रजिस्टर पिशवीत घालून ती तडक घरी आली.

माझी आई दारातच उभी होती. "वन्सं, बघा ना मामंजींना काय झालंय! मघापासून असंच चाललंय."

आजोबा खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात हवेत, पुढेमागे, पुढेमागे. हातांत काहीच नव्हतं. तरी आवाज येत होता...

खट्... खट्...

आत्याने त्यांचे हात घट्ट धरले. थांबेचनात! तशी ती मोकळ्या दाराकडे बघून कडाडली, "काका, चूक केली त्यांनी, मान्य! पण मजुरीची शिक्षा कोर्ट देतं. तुम्ही कोण देणारे? वॉरंट दाखवा!"

हात थांबले.

तेव्हापासून आत्या रजेवर आहे. रोज दोन वाजता दार लावून उंबऱ्यापाशी बसते, मांडीवर ते रजिस्टर. शुक्रवार येऊन गेला, तिने ते जाळू दिलं नाही.

काल मीही तिच्याजवळ बसले होते. दोनचा ठोका पडला. आजोबांचे हात मांडीवर शांत होते.

आणि दाराच्या फटीतून आत सरकला... एक पिवळा कागद.

वर आजोबांचं नाव. खाली 'सक्तमजुरी'.

मी आत्याच्या मागे सरकले. आत्याने चष्मा लावून कागद नीट वाचला.

"याच्यावर कोर्टाचा शिक्का नाही," ती म्हणाली आणि परत बाहेर ढकलला.

आत्ता दोनला दहा मिनिटं कमी आहेत. आत्याने चष्मा पुसून ठेवलाय.