आधी झाकण उघडायचं

ती ग्रिलच्या गॅसनळीला ब्रशने साबणाचा फेस लावत होती, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "नळीची दाढी करताय की काय?"

शेजारी नुकताच राहायला आलेला चष्मेवाला. गेल्याच आठवड्यात त्याने आपल्या चष्म्यांच्या दुकानात तिच्या चष्म्याची दांडी सरळ करून दिली होती. कानामागे त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळली होती... निदान तिला तसं वाटलं होतं.

"गॅस गळत असेल तर बुडबुडे येतात," ती म्हणाली.

"ग्रिल भिंतीपासून लांब, बाजूला वाळूची बादली... एवढा बंदोबस्त? कोण येतंय?"

"दादा."

तिचं हसू मावळलं. बाबा गेल्यापासून दादाचा एकच धोशा होता – घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे ये. आज तो शेवटचं विचारायला येणार होता. आणि त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती कळली असती, तर त्याने आजच तिचं सामान बांधलं असतं.

बुडबुडे आले नाहीत. तिने सिलिंडर उघडला, ग्रिलचं बटण फिरवलं.

"मला नाही बोलावणार?"

"तुम्ही न बोलावताच येता की!"

बोलता बोलता ग्रिलचं झाकण उघडायचं राहून गेलं. तिचा हात स्टार्टरकडे गेला.

"थांबा! हात काढा!" तो कुंपण ओलांडून धावला.

तिने दचकून बटण बंद केलं, मग सिलिंडर. झाकण उघडून दोघं लांब सरकली.

"आत केवढा गॅस साठलाय! वास नाही आला तुम्हाला?"

"नाही..." तिचा आवाज अगदी खाली गेला. "हिवाळ्यातल्या तापापासून मला कसलाच वास येत नाही."

तो थट्टा विसरला. "घरी माहितीये?"

"आता तुम्हाला माहितीये."

गॅस निघून जाईपर्यंत दोघं पायरीवर बसली. वाऱ्याने गवत हलत होतं.

"आत्ता इथे कसला वास आहे?" तिने विचारलं.

त्याने डोळे मिटले. "कापलेल्या गवताचा. साबणाचा... आणि तुमच्या केसांचा. तो कसा आहे ते मात्र सांगणार नाही."

"का?"

"दादा यायची वेळ झाली." मग तो हळूच म्हणाला, "मी कुणाला बोलणार नाही. पण तुम्ही एकट्याने हे पेटवलंत, तर माझा जीव इकडे टांगणीला लागेल... रोज."

फाटक वाजलं.

"अजून पेटवलं नाहीस?" दादाने विचारलं.

चष्मेवाला उठला. तिने त्याची बाही धरली. "थांबा ना."

मग दादासमोर उभं राहून तिने सगळं सांगितलं – वास, झाकण, थोडक्यात टळलेला भडका. "घर नाही सोडणार, दादा. पण एकटीने पेटवणारही नाही."

दादाने चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

"बाबा असते तर त्यांना सांगितलं असतंस आधी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला नाही."

"तुला घाबरले."

"गॅसचा अलार्म उद्याच बसवायचा. मी स्वतः येतो." त्याने तिच्या मुठीतल्या बाहीकडे पाहिलं, मग बागेतल्या दोन खुर्च्यांकडे. "आणि यांना काय उभंच ठेवणार आहेस? खुर्ची आण आणखी एक."