न दिलेल्या तीन हाका

चमचा एवढ्यात कपात ठेवू नका. आमच्या किनाऱ्यावर पाहुण्याने चमचा कपात ठेवला की चहा पुरे झाला असं समजतात, आणि माझं सांगून व्हायचंय अजून. खडीसाखरेचा खडा घ्या, त्यावर गरम चहा ओतते. तडतडला? हं. चारच वाजलेत, पण दिवा असू द्या. धुक्यात इथे चारलाही तिन्हीसांज होते.

दारामागचा तो पितळी कर्णा कशाला, असं विचारलंत ना? सांगते.

मी तोम्मा. सीलच्या पिल्लांच्या या केंद्रात मला सव्वीस वर्षं झाली. जूनमध्ये आईपासून तुटलेली पिल्लं ओहोटीच्या चिखलात रडत पडलेली असतात. आम्ही ती आणतो, आधी माशाचा पातळ लगदा नळीने पोटात सोडतो, मग अख्खा मासा गिळायला शिकवतो आणि पंचवीस किलोची झाली की समुद्राला परत देतो. पिल्लू आणायला एकाने चिखलात जायचं, दुसऱ्याने इथे बांधावर थांबायचं. धुकं उतरलं की बांधावरच्याने कर्णा फुंकायचा. एकशेवीस आकडे मोजायचे आणि एक हाक द्यायची. मोबाईल आहेत हो आता, पण हात ओले, कडेवर चावरं पिल्लू, कोण बघत बसतं? आमचे पाय त्या कर्ण्याकडेच वळतात. वाट चुकली की भरती गाठते.

सहा वर्षांपूर्वी फ्राउके आली. दिवसभर पेपरमिंटची गोळी चघळायची, सगळ्यांशी हसायची. माझ्या हातचा मासा थुंकणारं पिल्लू तिच्या हातून गपागप खायचं. वीस वर्षं मी चावे खाल्ले आणि वर्तमानपत्रात फोटो कुणाचा, तर हिचा! जळत होते मी. उगाच कशाला लपवू? ती समोर आली की अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी सकाळी चहाला ओको, म्हणजे आमचा मुख्य, म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून पिल्लांची खोली फ्राउकेच्या ताब्यात. तोम्मा, तुझी काही हरकत नाही ना?"

"मला मेलीला कोण विचारतंय! करा काय करायचं ते," मी म्हटलं. फ्राउकेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला.

दुपारी फोन आला, वाळूच्या पट्ट्यावर पिल्लू आहे म्हणून. जायची पाळी फ्राउकेची, कर्ण्याची माझी. अर्ध्या तासात धुकं आलं. मी फुंकत होते, नेमाने, हिशेब न चुकता. मग तिचा आवाज आला. लांबून, पण स्वच्छ.

"तोम्माऽ, सापडलं गं! रडायचं थांबलंसुद्धा मला बघून!"

तेसुद्धा! दोन मिनिटांची ओळख, आणि तेसुद्धा हिचंच!

मी कर्णा खाली घेतला. घाबरू दे जरा, म्हटलं. तिलाही कळू दे बांधावर कोणीतरी असतं म्हणून. एकशेवीस झाले, नाही फुंकला. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदाही नाही. मग मीच घाबरले आणि जीव खाऊन फुंकत सुटले. पण तिचा आवाज पुन्हा आला नाही.

संध्याकाळी कोळंबीच्या होडीवाल्या म्हाताऱ्या येल्सला भरतीवर तरंगणारा, पिल्लं आणायचा आमचा टब दिसला. आत पिल्लू, झोपलेलं. फ्राउके दोन दिवसांनी मिळाली, बुडालेली. त्या तीन हाकांबद्दल मी कुणाकडे अवाक्षर काढलं नाही.

इथे पिल्लाचं नाव ज्याला ते सापडलं तो ठेवतो. येल्सने टोपी काढली आणि म्हणाला, "फ्राउके." झालं! आता रोज मी तिच्याच नावाने हाका मारायच्या.

ते पिल्लू माझ्या हातचा मासा तोंडात धरेना. नळीने किती दिवस जगवणार? सोळा किलोवरून तेरावर आलं. नुसतं रडायचं. एक लांब हाक आणि मग चूप. एकदा मी सहज मोजलं. दोन हाकांमध्ये एकशेवीस आकडे होत होते.

"तिचा कोट घालून बघ," ओको म्हणाला. "वासाने तरी फसेल."

फ्राउकेचा पिवळा मेणकापडाचा कोट खुंटीवरच होता. काय वाटलं असेल मला! पण घातला. आणि पिल्लाने मासा घेतला हो, एक, दोन, पाच. मी मात्र त्याचे डोळे बघत होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. खोलीत पेपरमिंटचा वास सुटला होता. कोटाच्या खिशात गोळी राहिली असेल, म्हणून मी दोन्ही खिसे उलटे केले. रिकामे होते.

सप्टेंबरात ते पंचवीस किलोचं झालं. ओकोने घाट घातला की सगळं गाव बोलवायचं, फुलं वाहायची आणि पिल्लाच्या पेटीचं दार फ्राउकेच्या आईने उघडायचं. अडीच महिने मासे मी चिरले, चावे मी खाल्ले, आणि सोहळा तिचा! आदल्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, मी पेटी चिखलगाडीवर चढवली आणि एकटी ओढत निघाले. हे पिल्लू तरी माझ्या हातून जाऊ दे, एवढंच मनात होतं. बांधावर कर्ण्यापाशी कोणी नव्हतं.

पाण्याच्या कडेला दार उघडलं. ते सुळकन गेलं. मग डोकं वर काढून बघायला लागलं. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे.

मी वळले. मागे धुकं होतं, पांढरं, भिंतीसारखं. बांध नाही, माझ्या पावलांचे ठसे नाहीत. पाणी घोट्याला लागलं होतं. जीव मुठीत धरून उभी राहिले, आणि कर्णा वाजला.

ओको उठला असेल, देवासारखा धावला, म्हटलं. आवाजाकडे चालत सुटले. एकशेवीस, हाक. एकशेवीस, हाक. एक आकडा म्हणून चुकत नव्हता. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. पुन्हा एकशेवीस झाले…

काहीच नाही.

पुन्हा मोजले. काही नाही. पाणी कमरेला आलं. तेव्हा मला कळलं, कर्ण्यावर कोण आहे ते.

"फ्राउके…" मी ओरडले. "मी मुद्दाम थांबले होते गं… मुद्दाम… मला बघवत नव्हतं तुझं…"

तिसऱ्यांदाही काही नाही. चौथ्याला हाक आली.

बांधावर चढले तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. ओको घरी झोपलेला. कर्णा या दारामागेच टांगलेला, पण तोंड ओलं. हुंगून बघितलं. पेपरमिंट.

आता पिल्लांची खोली माझ्या ताब्यात आहे. ओको सगळ्यांना सांगतो, "तोम्मासारखा कर्णा कोणी फुंकत नाही." मी तेव्हापासून एकही हाक दिलेली नाही. धुकं आलं की आपोआप हाका सुरू होतात, माझ्याहून कितीतरी स्वच्छ. मेली, त्यातही माझ्या वरचढ! आणि मधेच कधीतरी तीन हाका गाळते. त्या वेळी मी फुंकून बघितलं. छाती फुटेस्तोवर फुंकलं, आवाजच निघत नाही. आजवर गेलेले सगळे परत आले. पण दर वेळी पाण्याने आधीपेक्षा जास्त भिजून.

आज ओको चिखलात गेलाय. मघापासून हाका ऐकताय ना? तुम्हाला वाटलं असेल, बाहेर कोणी माणूस ठेवलाय. नाही हो. ही बघा, आत्ता झाली हाक. मोजा माझ्याबरोबर… मनात मोजा.

…एकशे अठरा. एकशे एकोणीस. एकशेवीस.

…

नाही नाही, चमचा ठेवू नका. बसा. अजून दोन जायच्यात.