म्हातारीचे संवाद

माझा धाकटा भाऊ तुषार परदेशी सिनेमांना सोनईची बोली द्यायचा. मूळ आवाज बंद करून सगळी पात्रं स्वतःच बोलायचा आणि ते तुकडे मोबाईलवर टाकायचा. शेवटचं काम एका जपानी विनोदी सिनेमाचं होतं. अंगभर गोंदवलेला टोळीचा म्होरक्या शहराला धाक दाखवतो, पण आईसमोर त्याची बोलती बंद होते. चूक झाली की करंगळी कापून माफी मागायची, ही त्या टोळीची रीत.

म्हातारीचे संवाद त्याने आमच्या आईसाठी रिकामे ठेवले होते. भाकरी थापताना तिच्याकडून ते पाठही करून घेतले होते. पण बोलायची वेळ आली की आई लाजायची.

"मी न्हाई बाबा. लोकं हसत्याल."

"हसावं म्हणूनच तर चाललंय सगळं!"

फेब्रुवारीत कोल्हारजवळ त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. त्या सकाळी तो वाढलेलं ताट सोडून निघाला होता. "आल्यावर खातो," म्हणाला होता.

शेजारच्या मनकर्णाकाकू त्यांच्या गेलेल्या माणसांसाठी पान वाढून ठेवतात. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात ते नाही. तुषारच्या पुण्यानुमोदनाला वंदना झाली, माणसं जेवली, त्याचं ताट वाढलं नाही. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, मला हे पटतं. आईलाही पटतं. तरी भाजी चिरता चिरता मध्येच थांबून ती म्हणायची, "उपाशी गेला गं."

मे महिन्यातल्या एका दुपारी तिनेच विषय काढला. "प्रज्ञा, ते म्हातारीचं बोलून टाकू. त्याचं काम अर्धं ऱ्हायाला नको."

तुषारच्या खोलीत बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या होत्या. मी दार लावलं, पंखा बंद केला, आईच्या कानाला हेडफोन लावले, माइक तिच्यासमोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. लॅपटॉपवर दोन पट्ट्या होत्या. वरची तुषारच्या आवाजाची, खालची आईची, कोरी. आवाज असेल तिथे रेघ फुगते, नसेल तिथे सपाट राहते.

"करंगळी कुटं घालवली रं मुडद्या?" आई बोलली.

वरची रेघ फुगली. तिथे काय आहे ते मला पाठ होतं: 'रसवंतीच्या चरकात गेली, आये.'

आई खुदकन हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

मग जेवणाचा प्रसंग आला. म्होरक्या आपल्याकडे पाठ करून आईच्या घरात बसतो. इथे तुषारने काहीच बोलून ठेवलेलं नव्हतं. वरची रेघ शेवटपर्यंत सपाट होती.

"बस. हात धू," आई म्हणाली. संवाद एवढाच होता. पण ती थांबली नाही. "जेवलास का रं? त्या दिशी ताट तसंच ऱ्हायलं."

मी तिला थांबवणार होते. पण ती ऐकत होती. मान हलवत होती.

"व्हय. बाजरीचीच हाय. गरम हाय."

वरची रेघ सपाट.

"आई, काय ऐकू येतंय?"

तिने हात वर करून मला गप्प केलं.

"सावकाश खा," ती म्हणाली.

बऱ्याच वेळाने तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, पदराने तोंड पुसलं आणि स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर 'उपाशी' हा शब्द तिच्या तोंडून आलेला नाही. "पोट भरलं त्याचं," म्हणते. तिला नीट झोप लागते.

मी सावेडीला कामावर परतल्यावर तिची पट्टी ऐकली.

'सावकाश खा' नंतर भाकरी मोडल्याचा आवाज आहे. मग चावण्याचा. पाण्याचा एक घोट.

मग हेडफोन टेबलावर ठेवल्याचा खडखडाट. आईची पावलं लांब जातात.

त्यानंतर, माइकच्या अगदी जवळून, तुषार.

"आई, अजून वाढ."

त्या दुपारी मी रेकॉर्डिंग बंद करेपर्यंत तो मागतच होता.