मशीनच्या खोलीतला पंखा

दादानं त्या रात्री मागचा पंखा का बंद केला होता?

पोलिसांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, वहिनींना तर रोज विचारलं. आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. मशीनच्या खोलीत सॉल्व्हंटची, म्हणजे कपडे धुवायच्या रसायनाची, वाफ कोंडून माणूस गुदमरू नये म्हणून तो पंखा. तो बंद होता आणि दादा खाली पडला होता, एवढंच सगळे सांगतात.

आता सांगतो ते माझ्यासमोर घडलंय. पटलं तर घ्या.

वहिनी माहेरी निघायच्या आदली रात्र. त्यांनी दादाचा राखाडी कोट माझ्या हातात दिला. तो गेला तेव्हा कोट त्याच खोलीत खुंटीला होता, सॉल्व्हंटचा वास त्यात मुरला होता.

"भाऊजी, हा मला बरोबर न्यायचाय. पण हा वास... हा वास घेऊन मला झोप नाही लागायची. काढाल?"

"सकाळच्या आत काढतो," मी म्हणालो. आधी बोलायचं, मग विचार करायचा, ही माझी जुनी खोड.

दादाचं नाक भारी. कपड्याला वास राहिला की तो क्रमानं शोधायचा. आधी मशीनची जाळी. मग सॉल्व्हंटमधलं पाणी वेगळं होतं ती टाकी. शेवटी कोटाचे खांदे. आतल्या कापसात वास दडून बसतो म्हणायचा. खांद्याची शिवण उसवायचा, निघालेला दोरा कोटाच्या वरच्या बटणाला गुंडाळायचा, खिसे उलटे काढायचा आणि कोट मागच्या अंगणात दांडीवर टांगायचा. वहिनी चिडवायच्या, "भाजीत मीठ नाही ते कळत नाही, लोकांच्या बगलांचा वास मात्र बरोबर कळतो!"

मी जाळी साफ केली. टाकीतलं पाणी सोडलं. कोट धुतला, सुकवला. वास तसाच. पुन्हा सुकवत ठेवला, पण धीर धरवेना. मशीन थंड व्हायच्या आधीच दार उघडलं. गरम वाफ भसकन तोंडावर आली.

कोट नाकाशी धरला. पंख्याच्या वाऱ्यात वास नीट कळेना. हात आपोआप स्विचकडे गेला. पंखा बंद केला.

आणि तेव्हा कळलं. दादानंही असाच...

हात परत वर नेला. स्विच सापडेना. भिंतच सापडेना. खाली बसलो. दिवा चालू होता, तरी डोळ्यांपुढं अंधार.

माझ्या मानेमागे कोणीतरी हुंगलं.

दोनदा तोकडं. एकदा लांब.

दादा कपडा असाच हुंगायचा.

"दादा?"

शटर खाली. मागच्या दाराला आतून कडी. आत मी एकटा.

पुन्हा. दोनदा तोकडं. आता कानाशी. श्वास आत जात होता. बाहेर येत नव्हता.

"दादा... चुकलो रे..."

मग हातातला कोट कोणीतरी ओढला. हळूच. लहान पोराच्या हातून कात्री काढून घ्यावी, तसा.

खट्.

पंखा सुरू झाला.

शुद्धीवर आलो तेव्हा उजाडलं होतं. पंखा फिरत होता. दाराची कडी आतून तशीच. ती काढून अंगणात गेलो.

कोट दांडीवर होता. खिसे उलटे. दोन्ही खांदे उसवलेले. वास नावालाही नाही. आणि वरच्या बटणाला दोरा गुंडाळलेला. घट्ट. नीट.

वहिनी बॅग घेऊन पायरीवर आल्या.

"वास निघाला?"

"निघाला."

"कसा काढलात हो? मी तर आशाच सोडली होती."

मी बटणावरचा दोरा सोडवला, सुईत ओवला, आणि त्याच दोऱ्यानं त्यांना दोन्ही खांदे शिवून दिले.